दिवे लावायचा राग

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात संस्थेच्या सभागृहात एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेले भाषण)



समितीनं मला वीस मिनिटं दिली आहेत आणि विषय माझ्यावर सोपवला आहे. बत्तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलेल्या बाईला विषय मोकळा सोडणं जरा धोक्याचंच. पण घाबरू नका, घंटा व्हायच्या आत मी थांबेन. कालपासून इथे बोललेल्या मंडळींनी रस्ते, पाणी, नळाची लाइन, ओपन स्पेसचं कुंपण, झाडं, सगळ्यांचा इतिहास सांगितला आणि तो सांगायलाच हवा होता. मी मात्र तुम्हाला रेडिओविषयी सांगणार आहे. त्यातही रेडिओवरच्या शास्त्रीय संगीताविषयी.

आपल्या बुलडाण्याला पुण्या-मुंबईसारख्या मैफली कधी नव्हत्या. गणेशोत्सवात एखादं गाणं, मंदिरात भजन-कीर्तन, शाळेत पेटीवर प्रार्थना, एवढंच आपलं संगीत. घराणी म्हणाल तर आम्हाला देशमुख, पाटलांची माहीत. ग्वाल्हेर-किराणा ही घराणी असतात हे नंतर कळलं. अशा गावात माझ्या सासूबाई, ज्या शाळेची पायरी चढल्या नव्हत्या, त्या मारवा आणि यमन ओळखायच्या. त्यांना हे कुणी शिकवलं? रेडिओनं शिकवलं. त्या कशा शिकल्या आणि ते शिकणं शेवटी आमच्या घरात कसं कामाला आलं, एवढंच मला सांगायचं आहे.

मी १९७१ साली लग्न होऊन बुलडाण्यात आले. जुन्या गावात आमचं भाड्याचं घर होतं. दोन खोल्या आणि पुढे ओसरी. मामाजी, म्हणजे माझे सासरे, कचेरीत कारकून. घरात मोलाची म्हणावी अशी एकच वस्तू होती, मर्फीचा रेडिओ. लाकडी पेटीचा, व्हॉल्व्हचा. बटण दाबलं की लगेच बोलायचा नाही. आधी आत पिवळसर उजेड यायचा, मग अर्धा मिनिट गरम व्हायचा, मग घसा खाकरल्यासारखा आवाज करायचा आणि मग बोलायचा. मामाजी म्हणायचे, "हा आपल्या साहेबासारखा आहे, खुर्चीवर बसल्याबरोबर काम करत नाही." वर कौलांच्या खाली जाळीची एरियल ताणलेली. रेडिओवर आत्याबाईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल. आमच्याकडे सासूबाईंना आत्याबाई म्हणतात, म्हणून मी पुढे तसंच म्हणेन.

आज मुलांना खरं वाटणार नाही, पण त्या काळी रेडिओ घरात ठेवायला लायसन्स लागायचं. वर्षाला पैसे भरायचे, पोस्टात पुस्तक न्यायचं, शिक्का मारून आणायचं. ऐंशीच्या दशकात ही पद्धत बंद झाली. मामाजी ते पुस्तक रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवायचे. म्हणजे धान्य आणि गाणं, दोन्हीची कागदपत्रं एकाच पिशवीत.

आता स्टेशन कोणतं लागायचं ते सांगते. आकाशवाणीचं नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं. त्या वेळी आपला जिल्हा मध्यप्रांतात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो. नागपूर आपल्यापासून सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या वर. दिवसा तिथला आवाज दबका यायचा, मधूनच खरखर. पण संध्याकाळ झाली की तोच आवाज कसा उघडायचा! मला वाटायचं, थंड हवेनं होत असेल. आपलं गाव घाटावरचं, हवा थंड, त्याचा सगळ्याच गोष्टींना मान द्यायची आपल्याला सवय. पुढे आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी समजावून सांगितलं. मध्यम लहरी वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांपर्यंत जातात. दिवसा उन्हामुळे त्यातला खालचा थर त्या लहरी शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी आणखी वरच्या थरावर आपटून परत जमिनीवर येतात आणि शेकडो किलोमीटर लांब पोचतात. म्हणून रात्री नागपूरच काय, दिल्ली आणि कुठली कुठली परदेशी स्टेशनंसुद्धा लागायची. सूर्य मावळला की गाणं जवळ यायचं, एवढं आम्हाला शास्त्र न कळताही ठाऊक होतं.

शनिवारची रात्र ठरलेली. साडेनऊला संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम. हा १९५२ साली सुरू झाला. एकच कलाकार, एक-दोन राग, सावकाश. रविशंकर, विलायत खाँ, भीमसेन जोशी, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व, गंगूबाई हनगल. ज्यांचं तिकीट काढायला आम्हाला कधी जमलं नसतं अशी माणसं आमच्या ओसरीवर येऊन गायची. ओसरीवर आम्हीच नसायचो. शेजारचे शिंपीकाका, समोरच्या घरातल्या दोन आज्या, कोपऱ्यावरचे पोस्टमन. कुणाला रागाचं नाव येत नव्हतं. शिंपीकाका तर दहाव्या मिनिटाला घोरायचे. पण तबला द्रुत लयीत गेला की उठून बसायचे आणि विचारायचे, "आलं का जागेवर?"

निवेदकाचं बोलणं आठवतं का जुन्या मंडळींना? आधी गायकाचं नाव, मग राग, मग ताल, तबल्यावर कोण, सारंगीवर कोण. एक वाक्य, पण त्यात साथ करणाऱ्याचंही नाव यायचं. आमचं संगीताचं शिक्षण त्या एका वाक्यातून झालं. रोज एकेक वाक्य, वीस-पंचवीस वर्षं.

आता आत्याबाईंकडे येते. त्यांचं माहेर मेहकरकडचं. कोरडवाहू शेतीचं घर, लहानपणापासून कापूस वेचलेला, अक्षरओळख नाही. निवेदक म्हणायचा ते राग भीमपलास, राग पूरिया धनाश्री वगैरे त्यांच्या लक्षात राहायचं नाही. मग त्यांनी आपली नावं ठेवली. सकाळी जो भैरव लागायचा तो त्यांच्यासाठी "चुलीचा राग", कारण तेव्हा चूल पेटायची. दुपारचा सारंग म्हणजे "उन्हाचा". रात्री मालकंस म्हणजे "किर्र रातीचा". भैरवी म्हणजे "जायचा", कारण ती झाली की कार्यक्रम संपायचा आणि शेजारी उठून जायचे. आणि दिवेलागणीला लागायचा तो मारवा, त्याचं नाव "दिवे लावायचा राग".

मी तेव्हा नवी सून, मॅट्रिक झालेली, थोडी शहाणी. मला गंमत वाटायची. पण हळूहळू लक्षात आलं की आत्याबाई चुकत नाहीत. गायक बदलला, वाद्य बदललं, सतार असो की बासरी असो, त्या बरोबर सांगायच्या. एकदा भर दुपारी कुठल्याशा स्टेशनवर मारवा लागला. आत्याबाई सूप खाली ठेवून म्हणाल्या, "काऊन वं, हे आता काऊन लावलं? अजून तं उजेड हाये." रागाची वेळ चुकली हे त्यांना पुस्तकाशिवाय कळलं.

पुढे मी थोडं वाचलं, तेव्हा त्याचं कारण उमगलं. मारव्यात पंचम नाही, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. आणि षड्‌ज, जिथे गाण्याला घरी आल्यासारखं वाटतं, तिथे गायक लवकर टेकत नाही, त्याच्या भोवती फिरत राहतो. ऐकणाऱ्याला हुरहूर लागते. आपल्याकडे दिवेलागणीला कातरवेळ म्हणतात, तीच ती हुरहूर. गुरं घरी आलीत की नाही, शेतावरचा माणूस परतला की नाही, अशी ती वेळ. आत्याबाईंनी रागाचं व्याकरण सांगितलं नाही, पण त्याचा अर्थ अचूक सांगितला.

गायकांबद्दलही त्यांची मतं होती. भीमसेनजींना त्या म्हणायच्या, "हा मानूस मोटेनं पानी ओढल्यासारखा गाते, खालून वर आणते." कुमार गंधर्व लागले की हातातलं काम थांबवायच्या. एकदा म्हणाल्या, "हा दम खाऊन खाऊन गाते, पन गानं तुटू देत नाई." मला हे फार नंतर कळलं की कुमारजींना ऐन तरुणपणी क्षयरोग झाला होता, काही वर्षं त्यांना गाता आलं नव्हतं आणि नंतर त्यांनी आपल्या श्वासाला पेलतील अशा छोट्या छोट्या स्वरसमूहांत गाणं मांडलं. देवासला अंथरुणावर पडलेल्या माणसाचं दुखणं मेहकरकडच्या एका बाईच्या कानानं रेडिओवरून ओळखलं होतं. मी इतकी वर्षं मुलं शिकवली, पण ऐकणं म्हणजे काय, हे मला तिथे कळलं.

वसंतराव देशपांडे लागले की मामाजींची छाती फुगायची. "आपला मूर्तिजापूरचा माणूस!" वसंतरावांचा जन्म १९२० सालचा, मूर्तिजापूरचा. रेल्वेनं मलकापूर-शेगाव-अकोल्याच्या पुढचं स्टेशन. मामाजींच्या हिशेबानं ते जवळजवळ आमच्या गल्लीतलेच होते.

सगळंच गोड होतं असंही नाही. १९७२ साली मोठा दुष्काळ पडला. विहिरी आटल्या, रोजगार हमीच्या खडी केंद्रांवर माणसं गेली. त्या पावसाळ्यात रेडिओवर मल्हार लागला, तेव्हा आत्याबाईंनी बटण बंद केलं. म्हणाल्या, "गाऊन पानी पडलं असतं तं आमी कायले आभाळाकडे पायलं असतं?" ज्यांच्या घरचं शेत उभं वाळत होतं, त्यांना मल्हार ऐकणं जड होतं. पुढच्या वर्षी पाऊस आला, तेव्हा मात्र त्यांनीच विचारलं, "तो ढगाचा लागत नाई का आता?"

या सगळ्यामागे दिल्लीत बसलेल्या माणसांचे निर्णय होते, हे आम्हाला माहीत नव्हतं. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे आपलेच मराठी गृहस्थ १९५२ पासून दहा वर्षं माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री होते. शास्त्रीय संगीताचा अखिल भारतीय कार्यक्रम, आकाशवाणीचं संगीत संमेलन, कलाकारांच्या चाचण्या आणि श्रेणी, यांवर त्यांच्या काळात भर दिला गेला. राजेरजवाडे संपले, दरबारी गवयांचा आश्रय गेला, तेव्हा आकाशवाणीनं कित्येक कलाकारांच्या घरची चूल चालू ठेवली. पण त्याच केसकरांच्या काळात चित्रपटगीतं आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? रेडिओचा काटा सिलोनकडे फिरवला. बिनाका गीतमाला ऐकायला देश गोळा झाला. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती सुरू करून आकाशवाणीला हलकंफुलकं संगीत परत आणावं लागलं. हार्मोनियमची तर आणखी गंमत. परदेशी वाद्य, त्यात आपल्या श्रुती बसत नाहीत, म्हणून १९४० पासून सुमारे तीन दशकं आकाशवाणीवर तिला बंदी होती. आणि इथे आमच्या शाळेत त्याच पेटीवर रोज प्रार्थना व्हायची.

मला दोन्ही बाजू दिसतात. लोकांच्या आवडीवर हुकूम चालवायला गेलं की लोक दुसरीकडे जातात, हे खरं. पण कुणीतरी हट्टानं रोज सकाळ-संध्याकाळ चांगलं गाणं लावत राहिलं, म्हणूनच ते आत्याबाईंच्या चुलीपर्यंत पोचलं, हेही खरं. आमच्यासारख्यांना कुणी विचारलं असतं, "बाई, तुम्हाला मारवा हवा का?" तर आम्ही नकोच म्हटलं असतं. जे माहीत नाही ते कोण मागणार?

रेडिओनं शिकवलेली एक चुकीची गोष्टही सांगते. देशात कुणी मोठा माणूस गेला की आकाशवाणी नेहमीचे कार्यक्रम बंद करून वाद्यसंगीत लावायची, त्यात सारंगी पुष्कळदा. ३१ ऑक्टोबर १९८४ नंतरचे दिवस माझ्या वयाच्या सगळ्यांना आठवतात. इंदिराजी गेल्या आणि घराघरांतून सारंगी ऐकू येत होती. त्यामुळे आमच्याकडे सारंगी म्हणजे सुतकाचं वाद्य असा समज झाला. एकदा सकाळी सारंगी लागली, तर शेजारच्या आजी धावत आल्या, "कोण गेलं वं माय?" कुणीच गेलं नव्हतं. पंडित रामनारायण वाजवत होते. गायकाच्या मागे बसून साथ करण्याच्या या वाद्याला त्यांनी एकटं, पुढे बसून वाजवायचा मान मिळवून दिला. सारंगीतही आनंद असतो हे आम्ही त्यांच्याकडून शिकलो, पण आजींच्या मनातली भीती शेवटपर्यंत गेली नाही.

आता आपल्या संस्थेकडे येते, म्हणजे अध्यक्षांना बरं वाटेल. १९९९ ला संस्था नोंदवली गेली आणि २००१ च्या दिवाळीआधी आम्ही इथे राहायला आलो. तेव्हा या लेआउटमध्ये मोजून अकरा घरं. रस्त्याला मुरूम, पावसाळ्यात चप्पल हातात. टीव्ही बहुतेकांकडे होते, पण लोडशेडिंग इतकं की टीव्हीचा उपयोग शोभेपुरता. मग सगळ्यांनी माळ्यावरचे ट्रान्झिस्टर खाली काढले. सकाळी साडेसातला विविध भारतीवर संगीत सरिता लागायची. त्यात एक राग घेऊन समजावून सांगायचे आणि मग त्याच रागातलं चित्रपटगीत ऐकवायचे. केसकरांच्या वेळी भांडण झालेल्या दोन सवती पंधरा मिनिटांत एका घरात नांदायच्या. मी शाळेत जायला निघाले की पहिल्या घरातून सुरू झालेली बंदिश शेवटच्या घरापर्यंत तुटायची नाही, कारण प्रत्येक स्वयंपाकघरात तेच लागलेलं असायचं. ज्यांच्याशी ओळख नव्हती त्यांच्याशी पहिलं बोलणं "आज काय छान होतं नाही?" असं झालं. आपल्या संस्थेची पहिली सर्वसाधारण सभा कागदावर कधी झाली ते सचिवांना माहीत. माझ्या मते ती रोज सकाळी साडेसातला व्हायची.

२००५ च्या पावसाळ्यात आत्याबाईंना लकवा झाला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. अकोल्याला नेलं, परत आणलं. डॉक्टर म्हणाले, जीवाचा धोका टळला आहे, पण किती समजतं ते सांगता येत नाही. नातेवाईक भेटायला यायचे, खाटेशेजारी उभे राहून म्हणायचे, "आता यांना काही समजत नसेल." दोन महिने त्यांनी कुणाकडे धड पाहिलं नाही. घास भरवला तर खायच्या, नाहीतर भिंतीकडे तोंड. घरात दोन मतं व्हायला लागली. कुणी म्हणे, एखाद्या संस्थेत ठेवू, तिथे नीट काळजी घेतील. यजमानांना ते पटत नव्हतं, पण आम्ही दोघं नोकरीवर, बोलायला तोंडही नव्हतं.

अशाच एका संध्याकाळी लोडशेडिंग होतं. सगळं लेआउट अंधारात. मी नुकती शाळेतून आले होते, हातपाय धुवून चहा ठेवत होते. कॉटच्या उशाशी ट्रान्झिस्टर चालू होता, तो आम्ही सवयीनं लावायचोच. बासरीवर मारवा सुरू झाला. दोन-चार मिनिटं झाली असतील. खाटेचा आवाज आला म्हणून मी वळून पाहिलं. आत्याबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं होतं आणि डावा हात उचलून त्या देवघराच्या कोपऱ्याकडे दाखवत होत्या. हात थरथरत होता, पण खाली येत नव्हता. मी विचारलं, "काय हवं? पाणी?" हात तिथेच. मग माझ्या ध्यानात आलं. देवाजवळ दिवा लागला नव्हता.

मी दिवा लावला. त्यांनी हात खाली घेतला.

बस, एवढंच घडलं. चमत्कार काही नाही. त्या उठून बसल्या नाहीत, बोलल्या नाहीत. पण आमच्यासाठी त्यानंतर सगळं बदललं. त्यांना समजत होतं! राग समजत होता, वेळ समजत होती, आणि घरात काय राहून गेलं ते समजत होतं. संस्थेत ठेवायचा विषय त्या रात्रीच संपला. दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्यांच्याशी पूर्वीसारखं बोलू लागलो. कांद्याचा भाव, शाळेतल्या गमती, कोणाच्या घरी बारसं आहे. लेआउटमधल्या बायकांनी पाळ्या लावून घेतल्या, मी शाळेत असताना कुणी ना कुणी त्यांच्याजवळ येऊन बसायचं, रेडिओ लावायचं आणि विचारायचं, "आत्याबाई, हा कोणता? चुलीचा का?" हो असेल तर त्या डोळे मिटायच्या. त्यांनी ठेवलेली नावं अशी लेआउटभर झाली. आज इथे बसलेल्या चार-पाच जणी त्या पाळ्यांमधल्या आहेत. त्यांची नावं घेतली तर त्या रागावतील, म्हणून घेत नाही. पुढच्या वर्षी, २००६ च्या उन्हाळ्यात, आत्याबाई आपल्या घरात, आपल्या माणसांत गेल्या.

म्हणून कुणी मला म्हणालं की शास्त्रीय संगीत हे शिकल्यासवरल्यांचं, मोठ्या शहरातल्यांचं, तर मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मला फक्त तो उचललेला हात आठवतो.

आता आजचं बोलू. मी जुनं तेच चांगलं म्हणणाऱ्यांतली नाही. माझ्या नातवाच्या मोबाइलमध्ये जितकं गाणं आहे तितकं आमच्या मर्फीनं जन्मात ऐकवलं नसतं. खरखर नाही, लायसन्स नाही, शनिवारची वाट पाहणं नाही. दरम्यान रेडिओही बदलला. १९८८ साली आकाशवाणीनं राष्ट्रीय वाहिनी सुरू केली. तिचा एक हजार किलोवॉटचा प्रक्षेपक आपल्या नागपूरला होता आणि रात्रभर चालायचा. झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांचा तो मोठा आधार. ती वाहिनी आता बंद झाली. देशभर मध्यम लहरींचे अनेक प्रक्षेपक बंद होत आहेत, एफएम वाढत आहे. त्याचं दुःख करत बसण्यात अर्थ नाही, कारण गाणं संपलेलं नाही. २०१६ च्या प्रजासत्ताकदिनी आकाशवाणीनं रागम नावाची वाहिनी सुरू केली. ती चोवीस तास शास्त्रीय संगीत देते आणि आकाशवाणीच्या मोबाइल अ‍ॅपवर फुकट ऐकता येते. ज्यांना लावता येत नसेल त्यांनी शेजारच्या कोणत्याही पाचवीतल्या मुलाला सांगा, तो अर्ध्या मिनिटात लावून देईल. मर्फी गरम व्हायला लागायचा तेवढ्याच वेळात!

पण दोन गोष्टी मोबाइल आपण होऊन देत नाही. एक म्हणजे, तो आपल्याला जे आवडतं तेच पुन्हा पुन्हा देतो. रेडिओ न आवडणारंही द्यायचा, आणि न आवडणारं दहादा कानावर पडल्यावर अकराव्या वेळी आवडायचं. मारवा कुणाला पहिल्यांदा आवडतो? दुसरी गोष्ट म्हणजे, मोबाइल कानात बोलतो. एका घरात चार माणसं चार गाणी ऐकतात आणि घर मात्र शांत असतं. ऐकण्यात वाईट काही नाही. पण उद्या आपल्यापैकी कुणाची वाचा गेली, तर त्याला कोणतं गाणं ओळखीचं आहे हे घरातल्यांना कसं कळणार? आत्याबाईंचा हात मला कळला, कारण मी चौतीस वर्षं तेच गाणं त्यांच्याबरोबर ऐकलं होतं.

म्हणून रौप्यमहोत्सव समितीपुढे एक साधी सूचना ठेवते. महिन्यातून एक शनिवार, संध्याकाळी एक तास, याच सभागृहात सगळ्यांनी मिळून ऐकू या. पैसे लागत नाहीत. एक मोबाइल आणि गणपतीला वापरतो तो स्पीकर पुरे, आवाज कंपाउंडच्या आत. भाषण कुणी करायचं नाही, मीसुद्धा नाही. एक राग लावायचा, आणि त्याचं नाव शेवटी सांगायचं. आधी मुलांनी त्याला आपलं नाव ठेवायचं. कुणी "परीक्षेचा राग" म्हणेल, कुणी "मामाच्या गावाचा" म्हणेल, म्हणू द्या. ती नावं सूचना फलकावर लिहू. पुस्तकातलं नाव पुढे आपोआप कळतं, त्याची घाई नाही. आणि ज्यांना खाली येणं जमत नाही अशी आपल्याकडे सहा-सात वृद्ध मंडळी आहेत. त्यांच्या घरी त्या दिवशी एकानं जाऊन त्यांच्याजवळ बसायचं, तेच गाणं लावायचं. पाळ्या लावायची सवय आपल्या लेआउटला आहेच.

घंटा झाली असेल. माझ्याकडचा ट्रान्झिस्टर अजून चालतो, अकोला केंद्र स्वच्छ लागतं. तो मी आजपासून संस्थेच्या वाचनालयाला देते. सेल तेवढे सचिवांनी संस्थेच्या खर्चातून घालावेत, आणि त्यावर वार्षिक सभेत चर्चा करू नये, ही नम्र विनंती.